रुग्णांचे सोबती संत जोसेफ वाझ

दरवर्षी १६ जानेवारी रोजी ख्रिस्तसभा संत जोसेफ वाझ यांचा सण साजरा करते. गोव्याच्या भूमीत जन्मलेले, कानडा मुलुखात झिजलेले आणि श्रीलंकेत देह ठेवलेले हे धर्मगुरू पश्चिम किनाऱ्यावरील ख्रिस्ती समाजाला घरच्या माणसासारखे वाटतात. पुणे शहराच्या पूर्वेला वाघोली, खराडी या भागांत स्थायिक झालेल्या कॅथलिक कुटुंबांपैकी अनेकांची मुळे गोव्यात, मंगळूरमध्ये, वसईत अथवा अहिल्यानगरच्या खेड्यांत आहेत. गोवा आणि मंगळूर येथून आलेल्यांच्या घरी हे नाव वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले असते. इतरांपर्यंत ते २०१५ सालच्या संतपदाच्या घोषणेमुळे पोहोचले. कोणत्याही गावाहून आलेल्या भाविकाला त्यांच्या चरित्रातून काही घेता यावे, म्हणून त्यांच्या जीवनाची ही ओळख.

हे चरित्र वाचताना एक प्रश्न आपण सोबत घेऊया. प्रत्येक धर्मग्रामात असे एखादे तरी घर असते, जेथे दीर्घ आजाराने मुक्काम ठोकलेला असतो. त्या घराने नोव्हेना केलेल्या असतात, उपवास केलेले असतात, तीर्थयात्रा केलेल्या असतात, आरोग्यासाठीच्या प्रार्थनासभांना रुग्णाला हात धरून नेलेले असते. डॉक्टरांचे उपचारही चालूच असतात. तरीही रुग्ण बरा होत नाही. अशा वेळी आपलीच श्रद्धा कमी पडली काय, ही शंका मनाला कुरतडू लागते. कधी कधी आजूबाजूची माणसेही तसेच सुचवितात आणि आधीच वाकलेल्या पाठीवर आणखी एक ओझे ठेवतात. संत जोसेफ वाझ यांनी या प्रश्नावर ग्रंथ लिहिला नाही. मात्र त्यांच्या ५९ वर्षांच्या आयुष्यात त्याचे उत्तर सापडते.

आरोग्यमातेच्या गावी

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यातील सासष्टी तालुक्यात, बाणावली या आपल्या आजोळच्या गावी झाला. वडील क्रिस्तोव्हांव वाझ आणि आई मारिया द मिरांदा यांच्या सहा अपत्यांपैकी ते तिसरे. बाणावलीच्या संत जॉन बाप्तिस्त चर्चमध्ये त्यांना बाप्तिस्मा देण्यात आला. वडिलांचे गाव सांकवाळ. तेथील चर्च आरोग्यमातेला, म्हणजे रुग्णांचा आधार असलेल्या पवित्र मरीयेला, वाहिलेले होते. आज त्या जुन्या चर्चची केवळ दर्शनी भिंत उभी आहे. पुढे ज्या बालकाच्या हातून असंख्य रुग्णांची सेवा घडणार होती, ते आरोग्यमातेच्या सावलीत वाढले, हा योग भाविकांना अर्थपूर्ण वाटतो.

सांकवाळ येथे पोर्तुगीज आणि बाणावली येथे लॅटिन भाषेचे शिक्षण घेतल्यावर जोसेफ गोवा शहरात, म्हणजे आजच्या जुन्या गोव्यात, पुढील शिक्षणासाठी गेले. जेझुइटांच्या सेंट पॉल महाविद्यालयात आणि डॉमिनिकन धर्मगुरूंच्या संत थॉमस अक्वायनस विद्यालयात त्यांनी साहित्य, तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांचा अभ्यास केला. १६७६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्यानंतर लवकरच त्यांनी पायांतील जोडे काढून टाकले आणि गोरगरिबांसारखे अनवाणी चालण्यास सुरुवात केली. १६७७ साली त्यांनी स्वतःला पवित्र मरीयेचा दास म्हणून अर्पण केले आणि तसे लेखी पत्रही करून ठेवले. दासाला स्वतःचे असे काही नसते, प्रकृतीही नसते, ही भावना त्यांनी तेव्हापासून जपली.

त्या काळी गोव्यातील स्थानिक तरुणांना धर्मगुरू होता येत असे, परंतु युरोपीय व्रतस्थ संघांची दारे त्यांच्यासाठी बहुधा बंदच असत. विद्वत्ता असूनही दुय्यम स्थान वाट्याला येई. या अन्यायाने जोसेफ वाझ कडवट झाले नाहीत. जेथे कोणी जाण्यास तयार नव्हते, तेथे जाण्याची मुभा ते मागत राहिले.

कानडा मुलुखातील सेवा

१६८१ ते १६८४ या काळात त्यांनी कानडा मुलुखात, म्हणजे आजच्या कर्नाटकाच्या किनारपट्टीवर, सेवाकार्य केले. मंगळूर, बसरूर, कल्याणपूर, गंगोळी या परिसरातील विखुरलेल्या ख्रिस्ती लोकांना त्यांनी पुन्हा एकत्र केले. पोर्तुगालच्या राजाकडे असलेला धर्मसत्तेचा अधिकार आणि रोमने थेट नेमलेले अधिकारी यांच्यात तेव्हा तेथे तीव्र वाद चालू होता. कोणाचे संस्कार ग्राह्य मानावेत याविषयीही लोक संभ्रमात होते. फादर वाझ यांनी दोन्ही बाजूंशी नम्रतेने वागून लोकांच्या आत्मिक गरजांना अग्रक्रम दिला.

मंगळूरजवळील मुडिपू येथील टेकडीबद्दल एक परंपरा आजही सांगितली जाते. फादर वाझ यांच्या जिवावर उठलेल्या काही लोकांनी, एक माणूस मरणासन्न आहे अशी थाप मारून, त्यांना रात्रीच्या वेळी या टेकडीवर बोलावून नेले. तेथे गेल्यावर कट त्यांच्या ध्यानात आला. त्यांनी गुडघे टेकून प्रार्थना केली, तेव्हा प्रकाश पसरला आणि खडकातून पाण्याचे झरे फुटले, अशी भाविकांची श्रद्धा आहे. आज तेथे त्यांच्या नावाचे तीर्थक्षेत्र आहे. या परंपरेतील झऱ्यांची आठवण सर्वांना असते. तिच्यातील आणखी एक गोष्ट मात्र सहसा लक्षात येत नाही. फादर वाझ यांना फसवायचे तर कोणत्या निमित्ताने बोलवावे, हे शत्रूंना अचूक ठाऊक होते. आजाऱ्याचे बोलावणे आले की हा माणूस रात्र पाहणार नाही, रस्ता पाहणार नाही, हे त्यांच्या वैऱ्यांनाही कळून चुकले होते.

१६८४ साली ते गोव्यास परतले. जुन्या गोव्यातील चमत्कारी क्रूसाच्या चर्चजवळ काही स्थानिक धर्मगुरू एकत्र राहून प्रार्थनामय जीवन जगू लागले होते. फादर वाझ १६८५ साली त्यांच्यात सामील झाले आणि त्यांचे प्रमुख बनले. संत फिलिप नेरी यांच्या ऑरेटरीच्या धर्तीवर त्यांनी या समूहाला शिस्त आणि नियम दिले. केवळ भारतीय धर्मगुरूंनी उभारलेला हा ख्रिस्तसभेतील एक पहिलावहिला संघ होय.

रस्त्याकडेचा रुग्ण

श्रीलंकेतील ख्रिस्ती लोकांची तेव्हाची अवस्था बिकट होती. डच लोकांनी १६५६ साली कोलंबो आणि १६५८ साली जाफना पोर्तुगिजांकडून जिंकून घेतले. ते कॅल्विनपंथी असल्याने त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना बेटावर बंदी घातली. धर्मगुरूंना आसरा देणाऱ्यास देहदंडाची भीती होती. त्यामुळे सुमारे ३० वर्षे तेथील भाविकांना मिस्सा नव्हती, पापनिवेदन नव्हते आणि मरणाऱ्याच्या कपाळावर पवित्र तेल लावण्यास धर्मगुरू नव्हते. रुग्ण संस्कारांवाचून जग सोडून जात होते. ही वार्ता फादर वाझ यांच्या मनात घर करून राहिली होती.

१६८६ साली त्यांनी गोवा सोडले. सोबत जुआंव नावाचा एक विश्वासू सेवक होता. पायी मजल दरमजल करीत ते दक्षिणेकडे तुतीकोरीनपर्यंत गेले. १६८७ साली मजुराचा, भिकाऱ्याचा वेष घेऊन त्यांनी समुद्र ओलांडला आणि जाफनाचा किनारा गाठला. प्रवासातील उपासमार आणि हालअपेष्टा यांमुळे पोहोचताक्षणीच त्यांना तीव्र अतिसाराने गाठले. ज्या बेटावरील रुग्णांची सेवा करण्यासाठी ते आले होते, तेथे पहिला असहाय रुग्ण ते स्वतःच ठरले. परका, दरिद्री आणि त्यात संसर्गाची शंका असलेला रोगी! लोक त्यांच्यापासून दूर राहत. अशा अवस्थेत एका गरीब स्त्रीने त्यांना पेज आणून दिली आणि तिच्या त्या दयेवर गुरू आणि सेवक दोघे तगले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते.

येथे क्षणभर थांबून विचार केला पाहिजे. ईश्वराने आपल्या या निष्ठावंत सेवकाला आजारापासून दूर ठेवले नाही. त्यांनी प्रार्थना केली नसेल असे कोण म्हणेल? त्यांची श्रद्धा उणी होती असे म्हणण्याचे धाडस कोण करील? तरीही ते परक्या मुलुखात रस्त्याच्या कडेला पडले आणि त्यांच्यापर्यंत देवाची कृपा आली ती एका अनोळखी बाईच्या हातातील पेजेच्या वाडग्यातून. आजारी माणूस देवाला विसरलेला नसतो आणि देवही त्याला विसरलेला नसतो, हा धडा त्यांनी आधी आपल्या देहावर गिरविला आणि मगच ते इतरांच्या खाटेजवळ बसले.

बरे झाल्यावर त्यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि भिक्षेकऱ्याच्या वेषात दारोदार फिरू लागले. जपमाळ पाहून ज्या घरातील माणसांचे डोळे बोलू लागत, ते घर कॅथलिकांचे हे त्यांना उमगे. अशा रीतीने एकेक कुटुंब हुडकून ते रात्रीच्या अंधारात मिस्सा अर्पण करीत, मुलांना बाप्तिस्मा देत, आजाऱ्यांना तेल लावीत आणि उजाडण्यापूर्वी जागा सोडून जात. डच अधिकाऱ्यांना सुगावा लागल्यावर छळ सुरू झाला. अनेक भाविकांना तुरुंगवास आणि मारहाण सोसावी लागली. अखेर फादर वाझ यांनी जाफना सोडले आणि ते पुत्तलमकडे वळले.

कँडीचा तुरुंग

बेटाच्या मध्यभागी डोंगराळ मुलुखात कँडीचे स्वतंत्र बौद्ध राज्य होते. १६९२ साली फादर वाझ तेथे पोहोचले. पोर्तुगिजांचा हेर असल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला आणि राजा विमलधर्मसूर्य दुसरे यांनी त्यांना कैदेत टाकले. तुरुंगवासाचा वेळ त्यांनी सिंहली भाषा शिकण्यात घालविला. पहारा हळूहळू सैल झाला. कोठडीच्या आवारात झोपडीवजा प्रार्थनास्थळ उभे राहिले आणि कँडीतील कॅथलिक भाविक तेथे येऊ लागले.

१६९६ साली राज्यात भीषण दुष्काळ पडला. पावसासाठी सर्व उपाय करून झाले, तेव्हा राजाने या कैदी धर्मगुरूंनाही प्रार्थना करण्यास सांगितले. फादर वाझ यांनी चौकात वेदी उभारली, तिच्यावर क्रूस ठेवला आणि ते प्रार्थनेत मग्न झाले. तेव्हा मुसळधार पाऊस कोसळला आणि वेदीची जागा मात्र कोरडी राहिली, असे ही घटना सांगणारे सांगतात. राजाने त्यांना राज्यात मोकळेपणाने धर्मकार्य करण्याची परवानगी दिली.

हा चमत्कार श्रीलंकेतील आबालवृद्धांना ठाऊक आहे. परंतु फादर वाझ यांची खरी पारख त्यानंतरच्या वर्षी झाली.

देवीची साथ

१६९७ साली कँडीत देवीची साथ उसळली. आजच्या तरुण पिढीला या रोगाची कल्पना येणे अवघड आहे. आपल्या आजी-पणजींच्या पिढीने चेहऱ्यावर देवीचे वण असलेली माणसे पाहिली होती. या रोगात अंगभर पुरळ उठे, त्याचे फोड होत, ताप चढे, दुर्गंधी सुटे आणि दर दहा रुग्णांमागे साधारण तिघे दगावत. जे वाचत, त्यांपैकी काहींची दृष्टी जाई. उपचार असा नव्हताच. एडवर्ड जेन्नर यांनी इंग्लंडमध्ये देवीची लस टोचली ती १७९६ साली, म्हणजे या साथीनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी.

राजा आणि मानकरी राजधानी सोडून निघून गेले. ज्यांना शक्य होते, त्यांनी गाव सोडले. रोग्यांना घरातून बाहेर काढून रानात नेऊन ठेवीत. पोटच्या पोरालाही स्पर्श करण्यास माणसे धजत नसत. फादर वाझ आणि त्यांचे नातलग असलेले फादर जुझे कार्व्हालो मात्र शहरातच थांबले. ओस पडलेल्या घरांत आणि झोपड्यांत त्यांनी रुग्णांना एकत्र आणले. अन्नपाणी देणे, जखमा धुणे, अंथरूण बदलणे, मृतांना मूठमाती देणे ही सारी कामे त्यांनी स्वतः केली. रुग्ण ख्रिस्ती आहे, बौद्ध आहे की आणखी कोणी, याची चौकशी त्यांनी केली नाही. ज्यांना हवे होते, त्यांच्यासाठी संस्कार होते. ज्यांना केवळ पाणी हवे होते, त्यांच्यासाठी पाणी होते.

या धर्मगुरूंची प्रार्थना एक वर्षापूर्वी आकाशातून पाऊस उतरविणारी ठरली होती. मग आता त्यांनी हात वर करताच साथ का ओसरली नाही? हा प्रश्न त्या वेळी एखाद्याने मनात तरी विचारला असेल. साथ ओसरली नाही. दररोज माणसे मरत होती आणि दररोज हे दोघे धर्मगुरू त्यांच्या उशाशी बसत होते. ईश्वर कधी पाऊस पाठवितो आणि कधी वेदना न हटविता त्या वेदनेत सोबत राहणारा माणूस पाठवितो. दोन्हींत त्याचेच प्रेम आहे. पावसाच्या दिवशी फादर वाझ यांची श्रद्धा मोठी आणि साथीच्या दिवसांत ती छोटी झाली, असे झाले नाही. उलट जिने काही मागितले तरी मिळेलच याची हमी धरली नाही, ती श्रद्धा साथीच्या दिवसांत अधिक उजळली.

मराठी वाचकाला येथे एक आठवण आपोआप होईल. बरोबर दोनशे वर्षांनी, १८९७ साली, पुण्यात प्लेगने हाहाकार माजविला. वाघोलीपासून फारसे दूर नसलेल्या मुंढवा गावातून सावित्रीबाई फुले यांनी प्लेगने आजारी पडलेल्या एका मुलाला पाठीवर घेऊन आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात नेले. त्याच सेवेत त्यांना प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. सावित्रीबाईंचा मार्ग आणि फादर वाझ यांचा मार्ग वेगळे होते. परंतु ज्याच्याजवळ जाण्यास जग घाबरते त्याच्याजवळ जाणे, ही करुणा दोघांत सारखीच होती. ती जेथे दिसेल तेथे ख्रिस्ती माणसाने आदराने मस्तक लववावे.

अखेरचे आजारपण

साथीनंतर राजाचा फादर वाझ यांच्यावरील विश्वास अधिक दृढ झाला. गोव्याहून आणखी धर्मगुरू येऊ लागले. १७०५ साली आलेले फादर जाकोम गोन्साल्व्हिस यांनी सिंहली आणि तमिळ भाषांत ख्रिस्ती साहित्याचा पाया घातला. १७०७ साली गादीवर आलेले राजे वीर नरेंद्रसिंह हेही फादर वाझ यांना मान देत असत. फादर वाझ यांच्याकडे साऱ्या बेटाच्या ख्रिस्ती समाजाची धुरा होती, तरी त्यांचे अनवाणी चालणे आणि साधे राहणे सुटले नाही.

शरीर मात्र थकले होते. अनेक वर्षांची पायपीट, उपवास, जंगलातील मुक्काम आणि वारंवार येणारी आजारपणे यांनी ते पोखरले होते. १७१० साली एका दौऱ्यावरून परतल्यावर ते गंभीर आजारी पडले. त्यातून ते उठले, परंतु अशक्तपणा गेला नाही. तशाही अवस्थेत त्यांनी संघाच्या नियमानुसार आठ दिवसांची आध्यात्मिक साधना सुरू केली. ती पूर्ण होण्यापूर्वीच, १६ जानेवारी १७११ रोजी, कँडी येथे त्यांनी प्रभूच्या हाती प्राण सोपविला. आयुष्याची शेवटची २४ वर्षे त्यांनी श्रीलंकेत घालविली. गोव्याचे दर्शन त्यांना पुन्हा कधी झाले नाही.

कँडीतील ज्या चर्चमध्ये त्यांना पुरले, ते पुढे नामशेष झाले. त्यांची कबर नेमकी कोठे आहे, हे आज कोणालाच निश्चित सांगता येत नाही. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र देहापुढे नतमस्तक होण्यासाठी लाखो लोक रांगा लावतात. संत जोसेफ वाझ यांच्या भक्ताला तसे स्थान उपलब्ध नाही. त्यांना भेटायचे तर रुग्णाच्या खाटेजवळ जावे, हेच त्यांचे तीर्थ.

चमत्कार आणि संतपद

फादर वाझ यांच्या मृत्यूनंतर लवकरच, १८व्या शतकात, त्यांना संतपद मिळावे म्हणून चौकशी सुरू झाली होती. त्यांच्या मध्यस्थीने झालेल्या उपकारांच्या कहाण्याही गोळा होऊ लागल्या. पुढे हे काम दीर्घकाळ रेंगाळले आणि २०व्या शतकात त्याला पुन्हा गती मिळाली. १९३८ साली गोव्यात एका मातेची प्रसूती अकाली आणि अत्यंत धोक्याच्या अवस्थेत झाली. तिने फादर वाझ यांच्या मध्यस्थीची याचना केली होती. बालक सुखरूप जन्मले आणि पुढे मोठे होऊन पिलार येथील संस्थेचे धर्मगुरू झाले. ही घटना धन्यपदासाठी चमत्कार म्हणून मान्य करण्यात आली. २१ जानेवारी १९९५ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर त्यांना धन्य घोषित केले.

चमत्कार मान्य करताना ख्रिस्तसभा घाई करीत नाही, हे भाविकांनी ध्यानात ठेवावे. आजार खरोखर गंभीर होता काय, बरे होणे पूर्ण आणि टिकाऊ आहे काय, उपचारांनी त्याचा उलगडा होतो काय, याची तज्ज्ञ डॉक्टरांकडून कसून तपासणी केली जाते. बरे करणारा ईश्वर आहे, संत केवळ आपल्यासाठी विनंती करतात, हेही ख्रिस्तसभा न चुकता शिकवते.

पुढील टप्पा विचार करण्याजोगा आहे. संतपदासाठी सामान्यतः आणखी एका चमत्काराची अपेक्षा असते. फादर वाझ यांच्या बाबतीत पोप फ्रान्सिस यांनी ती अट शिथिल केली आणि १४ जानेवारी २०१५ रोजी त्याच गॉल फेस मैदानावर त्यांना संत म्हणून घोषित केले. म्हणजे आणखी एखादा रोगी अकल्पितपणे बरा झाल्याचा दाखला न मागता, त्यांचे जगणे आणि लोकांची तीन शतकांची अखंड भक्ती हेच पुरेसे मानले गेले. ते श्रीलंकेचे पहिले संत ठरले.

आपल्या घरातील खाटेजवळ

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळूया. आरोग्यासाठी प्रार्थना करणे योग्य आहे काय? निःसंशय योग्य आहे. प्रभू येशूने आंधळ्यांना दृष्टी दिली, कुष्ठरोग्यांना स्पर्श केला आणि आपल्या शिष्यांनाही रुग्णसेवेसाठी पाठविले. संत याकोबाच्या पत्रात आजारी माणसाने मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलावून तेलाभ्यंग घ्यावा असा उपदेश आहे. सप्टेंबर २००० मध्ये रोमने आरोग्यप्रार्थनांविषयी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यातही बरे होण्याची इच्छा ही चांगली आणि मानवी असल्याचे म्हटले आहे. मात्र अशा सभांत उन्माद, दिखाऊपणा किंवा खळबळ माजविणारे प्रकार नसावेत, असा इशाराही त्यात आहे.

प्रार्थना करणाऱ्याने औषध सोडावे काय? मुळीच नाही. सिराखच्या ग्रंथाच्या ३८व्या अध्यायात वैद्याचा सन्मान करण्यास सांगितले आहे, कारण वैद्य आणि औषधी दोन्ही परमेश्वराचीच देणगी आहे. ज्या देवीने कँडीत थैमान घातले, त्या रोगाचे लसीकरणामुळे जगातून समूळ उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने १९८० साली जाहीर केले. साथीत तळमळणाऱ्यांसाठी ज्या धर्मगुरूंनी गुडघे टेकले, त्यांच्या प्रार्थनेचे उत्तर प्रयोगशाळांतून आणि खेडोपाडी फिरणाऱ्या लसटोचकांच्या हातांतूनही आले, असे आपण का मानू नये? म्हणून गोळ्या बंद करून श्रद्धेची परीक्षा पाहणे हे संत जोसेफ वाझ यांच्या भक्ताला शोभत नाही.

आणि जो बरा होत नाही, त्याची श्रद्धा कमी पडली काय? जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी विचारले, तेव्हा त्याच्या किंवा त्याच्या आईबापांच्या पापामुळे तो आंधळा झाला हा समज प्रभूने नाकारला. संत पौलाने आपल्या देहातील काटा निघावा म्हणून तीनदा विनविले. काटा राहिला, आणि त्यासोबत तो सोसण्याचे बळ मिळाले. स्वतः प्रभूने गेथशेमनी बागेत दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली, आणि तरीही तो क्रूसावर गेला. ज्यांनी १९९५ साली फादर वाझ यांना धन्य घोषित केले, ते पोप दुसरे जॉन पॉल १९८१ साली बंदुकीच्या गोळ्यांनी घायाळ झाले होते. १९९४ साली त्यांच्या मांडीचे हाड मोडले होते, आणि पुढे कंपवाताने त्यांचे शरीर जखडले. दुःखसहनाच्या ख्रिस्ती अर्थावर त्यांनी १९८४ साली प्रेषितीय पत्र लिहिले आणि १९९२ साली जागतिक रुग्ण दिनाची स्थापना केली. ११ फेब्रुवारी रोजी आपण तो पाळतो. इतक्या साऱ्यांच्या श्रद्धेला उणे ठरविल्याशिवाय आपल्या घरातील रुग्णाला दोष देता येणार नाही.

एक गोष्ट स्पष्ट करणे मात्र आवश्यक आहे. वेदना ही स्वतः चांगली नाही. ख्रिस्ती माणूस दुःखाची पूजा करीत नाही. ते कमी करता येत असेल तर कमी करणे हे त्याचे कर्तव्य आहे. फादर वाझ यांनी देवीच्या रोग्यांना सोसण्याचा उपदेश करून आपली वाट धरली नाही. त्यांनी आधी पाणी दिले, जखमा धुतल्या आणि मगच सांत्वनाचे शब्द उच्चारले. हा क्रम आपणही सोडू नये. जे दुःख कमी होऊच शकत नाही, तेवढेच प्रभूच्या क्रूसाशी जोडून अर्पण करायचे असते. तेही रुग्णाने एकट्याने करायचे नाही. त्याच्या जवळ कोणीतरी असले पाहिजे.

वाघोलीसारख्या वाढत्या उपनगरात हे सोपे नाही. वाघोली २०२१ साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले आणि शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. वरच्या मजल्यावर कोण अंथरुणाला खिळले आहे, हे खालच्या मजल्यावर कळत नाही. मुले परदेशी आहेत, आईवडील एकटे आहेत, लिफ्ट बंद पडली तर त्यांना मिस्सेला येता येत नाही. अशा घरी आठवड्यातून अर्धा तास जाऊन बसणे, औषधे आणून देणे, रात्रपाळीने थकलेल्या सुनेला तासभर झोपू देणे, धर्मगुरूंना वेळीच कळवून रुग्णासाठी ख्रिस्तशरीर आणि तेलाभ्यंग यांची व्यवस्था करणे, हे आपल्यापैकी प्रत्येकाला शक्य आहे. तेलाभ्यंगाचा संस्कार म्हणजे मृत्यूची नोटीस नव्हे. गंभीर आजारात, मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी अथवा वार्धक्याच्या दुबळेपणात तो घेता येतो. श्रीलंकेतील भाविक सुमारे ३० वर्षे या संस्काराला मुकले होते आणि तो त्यांच्यापर्यंत नेण्यासाठी एक माणूस अनवाणी निघाला होता. आपल्याला तर त्यासाठी केवळ एक फोन करावा लागतो.

संत जोसेफ वाझ यांच्या मध्यस्थीने आपल्या धर्मग्रामांतील सर्व रुग्णांना आरोग्य लाभो. ज्यांना ते या जगात लाभणार नाही, त्यांना सोसण्याचे बळ आणि सोबतीचा हात लाभो. डॉक्टर, परिचारिका आणि घरोघरी रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या सर्वांचे हात प्रभू परमेश्वर बळकट करो. आरोग्यमाता पवित्र मरीया, आमच्यासाठी विनंती कर. संत जोसेफ वाझ, आमच्यासाठी विनंती करा.